पुली आणि व्हीएफडी : ब्लोअरच्या वेगाविषयी दोन मते

कारखान्याच्या कँटीनमध्ये किंवा वसतिगृहाच्या भोजनालयात चुलींवरचा धूर, वाफ आणि फोडणीतून उडणारे तेलाचे सूक्ष्म कण बाहेर काढणारी जी यंत्रणा असते, तिचे भाग थोडेच असतात : चुलींच्या वर टांगलेला पत्र्याचा हूड, हुडात तेल अडवणारे बॅफल फिल्टर, छपरापर्यंत जाणारी पत्र्याची डक्ट आणि छपरावरचा केंद्रोत्सारी पंखा, ज्याला कामगार ब्लोअर म्हणतात. अशा ब्लोअरची मोटर पुष्कळदा त्याच्या शाफ्टवर थेट न बसवता शेजारी स्वतंत्र उभी केलेली असते आणि दोघांच्या शाफ्टवरील पुल्या व्ही-बेल्टने, म्हणजे पाचरीच्या छेदाच्या आणि खाचेच्या दोन्ही कडांना घट्ट धरणाऱ्या बेल्टने, जोडलेल्या असतात. मोटरीचा वेग विजेची वारंवारता आणि मोटरीची ध्रुवसंख्या यांनी बांधलेला असतो. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या जरा मागे, साधारण 1440 फेऱ्यांनी फिरते. ब्लोअरचा वेग मात्र पुल्यांच्या व्यासांचे गुणोत्तर बदलून कमीजास्त करता येतो, आणि हा वेग कोणी, केव्हा व कशाच्या आधारे बदलावा हाच येथील चर्चेचा विषय आहे.

विषय दिसतो तितका किरकोळ नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 13व्या कलमाने कामाच्या जागी पुरेशी खेळती हवा असणे बंधनकारक केले आणि 46व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत कँटीनची तरतूद केली. पण त्या कँटीनच्या भट्टीसमोर पाळी संपेपर्यंत उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या वाट्याला किती हवा येते, हे शेवटी छपरावरच्या दोन पुल्या ठरवतात. पुढील संवादातील फोरमन आणि ऊर्जा-लेखापरीक्षक या दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत आणि त्यांच्या बोलण्यातील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, मात्र हिशेब पंख्यांच्या सर्वमान्य नियमांनुसार केलेला आहे.

फोरमन : मॅडम, हूड धूर ओढत नाही याचा सरळ अर्थ ब्लोअरला वेग कमी पडतो असा आहे. मोटरीवर आज 150 मिलिमीटरची पुली आहे आणि ब्लोअरवर 240 ची, म्हणजे 1440 ला 150 ने गुणून 240 ने भागले की 900 फेऱ्या येतात. मोटरीवर 180 ची पुली लावली की त्याच 1080 होतील आणि हवा वीस टक्क्यांनी वाढेल. काम एका पाळीत होते, खर्च पुलीचा आणि दोन बेल्टांचा, आणि त्यात पुढे बिघडण्यासारखे काही नाही.

लेखापरीक्षक : हवेचा हिशेब बरोबर आहे, फोरमनसाहेब, पण त्यात विजेचा हिशेब आलेला नाही. हवा वेगाच्या पहिल्या घाताने वाढते, दाब दुसऱ्या घाताने आणि शक्ती तिसऱ्या घाताने. यंत्रणा स्वच्छ असताना 900 फेऱ्यांना ब्लोअरच्या शाफ्टवर 3 किलोवॅट लागत असतील, तर 1080 फेऱ्यांना 1.2 चा घन, म्हणजे 1.728 पट, सुमारे 5.2 किलोवॅट लागतील. मोटर तर 3.7 किलोवॅटची, म्हणजे पाच अश्वशक्तीची आहे. वीस टक्के राहू द्या, दहा टक्के वाढवले तरी 3.99 किलोवॅट होतात आणि तेही तिच्या क्षमतेबाहेर आहे.

लेखापरीक्षकाने सांगितलेले हे तीन नियम पंख्यांचे समरूपतेचे नियम म्हणून ओळखले जातात आणि त्यांचे कारण समजून घेतले तर ते पाठ करावे लागत नाहीत. डक्ट, फिल्टर आणि वळणे यांतून हवा ढकलताना होणारा विरोध हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे हवेचे परिमाण आणि दाब यांचा गुणाकार. म्हणून एक आणि दोन घात मिळून तीन. मात्र यंत्रणेचा विरोध आणि हवेची घनता दोन्ही वेळा सारखीच असली पाहिजे, ही अट त्यात गृहीत असते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते आणि चुलीवरची तापलेली हवाही विरळच असते. अशा हवेत तोच ब्लोअर त्याच वेगाने तितकेच घनमीटर हलवतो, परंतु दाब आणि लागणारी शक्ती घनतेच्या प्रमाणात उतरतात.

फोरमन : मग मोटर साडेसात अश्वशक्तीची लावू. भांडारात एक पडून आहे.

लेखापरीक्षक : मोटर मोठी लावली की स्टार्टर, ओव्हरलोड रिले आणि केबल तपासावी लागते, बेल्टांची संख्या पुरेल का ते पाहावे लागते, आणि इम्पेलरला उत्पादकाने दिलेली कमाल वेगाची मर्यादा ओलांडली जात नाही ना हेही पाहावे लागते. आवाज जवळपास 4 डेसिबलने चढेल. हे सगळे करायला हरकत नाही, पण आज डक्टमधून किती हवा जाते हे आधी कळले पाहिजे. ते मोजले आहे का?

फोरमन : टाँग टेस्टर लावून अँपिअर पाहिले आहेत. मोटर पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी घेते, म्हणजे तिच्यावर भार नाही आणि वेग वाढवायला वाव आहे.

येथे या वादातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक चुकीच्या समजुतीचा मुद्दा येतो. वाट तुंबली की ब्लोअरला जोर लावावा लागतो आणि मोटर जास्त विद्युतप्रवाह घेते, असे बहुतेकांना वाटते. केंद्रोत्सारी पंख्यात सामान्यतः याच्या उलट घडते. वाट तुंबली की हवा कमी जाते, कमी हवेला फिरवण्याचे काम कमी पडते आणि अँपिअर उतरतात. पुढे वळलेल्या पात्यांच्या पंख्यात तर वाट जितकी मोकळी तितका भार चढत जातो, इतका की डक्ट न जोडता तो चालवला तर मोटर जळण्याचा धोका असतो. मागे वळलेल्या पात्यांच्या पंख्यात भार एका कमाल बिंदूपर्यंत जाऊन थांबतो, म्हणून त्याला भार-मर्यादित पंखा म्हणतात. तेव्हा कमी अँपिअर हा ‘वाव आहे’ याचा पुरावा मानणे घातक ठरते. तो तुंबलेल्या फिल्टरचा, घसरणाऱ्या बेल्टचा, बंद राहिलेल्या डॅम्परचा, म्हणजे डक्टमधील झडपेचा, किंवा चोहीकडून बंद स्वयंपाकघराचा पुरावा असू शकतो, आणि टाँग टेस्टर या चारांत भेद करू शकत नाही.

भेद करायचा तर हवा मोजावी लागते. त्यासाठी पिटो नळी वापरतात. आँरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने 1732 मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती योजली आणि पुढे तीच हवेलाही लागू पडली. नळीचे तोंड प्रवाहाला सामोरे धरले की एकूण दाब कळतो, बाजूच्या छिद्रांतून स्थिर दाब कळतो आणि दोहोंतील फरक म्हणजे गतिदाब. पास्कलमधील गतिदाबाच्या वर्गमुळाला 1.29 ने गुणले की सामान्य घनतेच्या हवेचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. डक्टच्या मधोमध हवा वेगाने आणि कडेला सावकाश वाहते, म्हणून वळणापासून दूर, सरळ भागात, छेदाचे समान भाग पाडून प्रत्येक भागात वाचन घ्यावे लागते आणि सरासरी दाबांची न काढता वेगांची काढावी लागते.

फोरमनने लेखापरीक्षकाबरोबर छपरावर जाऊन हे मोजमाप केले असे मानू. डक्ट 600 गुणिले 600 मिलिमीटरची, म्हणजे 0.36 चौरस मीटर छेदाची. आराखड्याप्रमाणे तिच्यातून सेकंदाला 3 घनमीटर हवा, म्हणजे सुमारे 6350 सीएफएम, जायला हवी. सरासरी वेग मात्र सेकंदाला 6.1 मीटर, म्हणून प्रत्यक्ष हवा 2.2 घनमीटर. टॅकोमीटरवर ब्लोअरच्या फेऱ्या 900 ऐवजी 840 भरल्या. शाफ्टवरील शक्ती 2.1 किलोवॅटच्या आसपास होती.

लेखापरीक्षक : आता 180 च्या पुलीचा हिशेब पुन्हा मांडू. नवे बेल्ट नीट ताणून बसवले तर फेऱ्या 840 वरून 1080 होतील. तुंबलेल्या फिल्टरांतून हवा त्याच प्रमाणात वाढून 2.83 घनमीटर होईल, म्हणजे आराखड्याला ती तरीही कमीच पडेल, आणि शक्ती 4.46 किलोवॅटवर जाऊन पाच अश्वशक्तीची मोटर बंद पडेल. साडेसातची लावली तर चालेल, पण दर तासाला दुपटीहून अधिक वीज खाऊन. याउलट बेल्ट ताणून 900 फेऱ्या परत आणल्या आणि फिल्टर धुतले, तर 3 घनमीटर हवा 3 किलोवॅटमध्येच मिळते.

फोरमन : हे मान्य करावे लागेल. बेल्ट सैल झाला आहे हे फेऱ्यांवरूनच दिसते. बी-52 चे दोन बेल्ट आहेत, आणि मागच्या वेळी त्यांतला तुटलेला एकच बदलला होता.

फोरमनच्या या शेवटच्या वाक्यात पुस्तकी चर्चेत सहसा न येणारे ज्ञान आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यायला हवे. बी-52 या बाजारातील नावात ‘बी’ हा सुमारे 17 मिलिमीटर रुंद आणि 11 मिलिमीटर जाड छेद दाखवतो आणि 52 ही आतील बाजूची इंचांतील लांबी. जोडीतील एकच बेल्ट नवा घातला तर जुना ताणून लांबलेला असल्यामुळे सारा भार नव्यावर येतो, तो लवकर झिजतो आणि जुना नुसता घसरत राहतो. म्हणून बेल्ट नेहमी संचानेच बदलावेत. ताण पाहण्याचा रूढ नियम असा की दोन पुल्यांमधील मोकळ्या भागाच्या मधोमध उत्पादकाने सांगितलेल्या जोराने दाबले असता दर 100 मिलिमीटरला सुमारे 1.6 मिलिमीटर दब यावी. या ब्लोअरवर मोकळा भाग 370 मिलिमीटर धरला तर ती साधारण 6 मिलिमीटर येते. ताण कमी असेल तर बेल्ट घसरतो, तापतो आणि सुरू होताना किंचाळतो. जास्त असेल तर बेल्ट गप्प राहतो, पण बेअरिंग तापून जाते, आणि हे दुसरे नुकसान ऐकू येत नसल्यामुळे अधिक महाग पडते. नवा बेल्ट पहिल्या दिवसाच्या चालण्यात बसतो आणि थोडा लांबतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ताण पुन्हा पाहावाच लागतो. खाचेचा तळ चकचकीत दिसू लागला असेल तर बेल्ट कडांवर न बसता तळाला टेकतो आहे, म्हणजे पुली झिजली आहे, आणि अशा पुलीवर कितीही बेल्ट बदलले तरी घसरण थांबत नाही. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे लाइनदोरी धरून पाहता येते. बेल्ट चढवताना स्क्रू-ड्रायव्हरने ओढून चढवला तर आतील दोर तुटतात; मोटर स्लाइड रेलवर पुढे सरकवून, बेल्ट हाताने बसवून मग ती मागे घ्यावी. हे सारे मुख्य स्विच बंद करून, त्याला कुलूप लावून आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवूनच करावे, आणि काम झाल्यावर बेल्टवरची जाळी पुन्हा बसवल्याखेरीज ब्लोअर सुरू करू नये. फिरत्या यंत्रांना कुंपण असावे ही अट 1948 च्या अधिनियमाच्या 21व्या कलमात याच कारणासाठी घातली गेली.

आणखी दोन दोष वेगाच्या कमतरतेचे सोंग घेतात. मोटर दुरुस्त होऊन आल्यावर तीनपैकी दोन फेज उलटे जोडले गेले तर ब्लोअर उलटा फिरतो, पण केंद्रोत्सारी पंख्यात उलट्या फेऱ्यांनीही हवा त्याच दिशेने बाहेर पडते, फक्त बरीच कमी. त्यामुळे हात लावून पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते. दुसरा दोष स्वयंपाकघरातच असतो. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीतून हवा काढायची तर तितकी आत यायला वाट हवी; साधारणपणे बाहेर जाणाऱ्या हवेच्या 80 ते 90 टक्के हवा वेगळ्या पंख्याने आत सोडतात आणि उरलेली जेवणघराकडून येऊ देतात, म्हणजे फोडणीचा वास तिकडे जात नाही. बाहेरून येणारी ही हवा बंद असताना ब्लोअरचा वेग वाढवला, तर गॅसच्या ज्योती हलू लागतात, दार उघडायला जोर लागतो आणि धूर मात्र तसाच राहतो.

लेखापरीक्षक : तरीही एक प्रश्न उरतो. ही 3 घनमीटर हवा दिवसभर लागत नाही. दुपारचे जेवण उरकल्यावर संध्याकाळच्या तयारीपर्यंत चारेक तास एखादीच चूल पेटलेली असते. व्हीएफडी लावून त्या वेळात 35 हर्ट्झवर चालवले तर वेग 70 टक्के होतो, शक्ती 0.343 पट, म्हणजे 3 किलोवॅटऐवजी सुमारे 1 किलोवॅट. दिवसाला आठेक युनिटे वाचतील.

फोरमन : दुपारी डॅम्पर अर्धा बंद केला तरी हवा कमी होतेच. छपरावर ऊन, पाऊस आणि तेलाचा थर असताना तिथे इलेक्ट्रॉनिक पेटी ठेवायची, ती बंद पडली की स्वयंपाक थांबणार, आणि दुरुस्तीला माणूस बाहेरून येणार. शिवाय कमी वेगात मोटरीचा स्वतःचा थंडावा देणारा पंखाही सावकाश फिरतो. आणि एखादा नवा ऑपरेटर धूर जास्त दिसला म्हणून तीच व्हीएफडी 60 हर्ट्झवर नेईल.

व्हीएफडी म्हणजे वीजपुरवठ्याची वारंवारता आणि व्होल्टेज एकत्र बदलून मोटरीचा वेग बदलणारे उपकरण. फोरमनच्या चार हरकतींपैकी डॅम्परची टिकत नाही, कारण डॅम्पर हवा कमी करतो पण ब्लोअर पूर्ण वेगाने फिरतच राहतो आणि विजेचा मोठा भाग पत्र्यावर आपटण्यात जातो. मोटर तापण्याची हरकत मर्यादित आहे. पंख्याला लागणारे पीळबल वेगाच्या वर्गाने घटत असल्यामुळे 35 हर्ट्झवर उष्णताही पुष्कळ कमी निर्माण होते. पेटी छपरावर ठेवण्याऐवजी खाली, कोरड्या वीजकक्षात ठेवता येते आणि ती बंद पडल्यास मोटर थेट पुरवठ्यावर घेण्याची बायपास सोय करता येते, ती केलीच पाहिजे. 60 हर्ट्झची भीती मात्र पूर्णपणे खरी आहे : 50 हर्ट्झच्या वर व्होल्टेज वाढू शकत नाही, मोटरीचे पीळबल उतरत जाते आणि ब्लोअरची मागणी त्याच वेळी घनाने चढते. व्हीएफडी बसवताना कमाल वारंवारता 50 वर बांधून त्या सेटिंगला कुलूप न लावणे ही बसवणाऱ्याची हयगय होय.

लेखापरीक्षकाच्या हिशेबालाही एक मर्यादा आहे. 0.343 हा आकडा विरोध पूर्णपणे वर्गाने बदलतो तेथेच अचूक ठरतो. धूर शुद्ध करणाऱ्या एखाद्या उपकरणाला किंवा नियंत्रणाला ठरावीक दाब लागत असेल, तर बचत त्याहून कमी होते. व्हीएफडीचे स्वतःचे थोडे नुकसान आणि बेल्टचे साधारण पाच टक्के नुकसानही कायम राहते. वेग फार उतरवला तर हुडाच्या कडेशी धूर धरून ठेवण्याइतकी ओढ उरत नाही आणि तेल डक्टमध्ये थेंबाथेंबाने जमू लागते, जे आगीचे इंधन आहे.

फोरमन : म्हणजे व्हीएफडी घेतली की पुलीला काम उरले नाही, असे आपले म्हणणे आहे का, मॅडम?

लेखापरीक्षक : बऱ्याच ठिकाणी तसेच करतात. पुली जशी आहे तशी ठेवायची आणि हवा जुळवायची ती व्हीएफडीनेच.

या मुद्द्यावर लेखापरीक्षकाचे मत स्वीकारता येत नाही. एखाद्या ब्लोअरला सर्वांत व्यस्त वेळेतही 38 हर्ट्झच पुरत असतील, तर मोटर आणि व्हीएफडी कधीच पूर्ण क्षमतेने वापरली जात नाहीत, आणि ज्या दिवशी व्हीएफडी बिघडून बायपासवर जावे लागते त्या दिवशी ब्लोअर 50 हर्ट्झवर, म्हणजे गरजेच्या जवळपास एक-तृतीयांश जास्त वेगाने आणि दुपटीहून अधिक शक्तीने फिरतो. उलट 50 हर्ट्झवरही हवा कमी पडत असेल, तर मोटरीत वाव असताना 60 हर्ट्झकडे धाव घेण्यापेक्षा पुली बदलणेच सुरक्षित असते. पुलीने कमाल गरजेचा वेग 50 हर्ट्झवर आणावा आणि व्हीएफडीने त्याखालचा दिवसभराचा चढउतार सांभाळावा, हा क्रम योग्य होय. गरज दिवसभर सारखीच असेल, जसे चोवीस तास चालणाऱ्या भांडारघराच्या वायुवीजनात, तेथे व्हीएफडीचे काही प्रयोजन नाही. तेथे फोरमनची पुलीच पुरेशी आणि अधिक टिकाऊ आहे.

पुली निवडताना सुरुवातीला दोन कडांमधील अंतर कमीजास्त करता येणारी पुली बसवण्याची पद्धत आहे. कडा लांब केल्या की बेल्ट खाचेत खाली उतरतो आणि मोटरीच्या पुलीचा परिणामकारक व्यास कमी होऊन ब्लोअर मंदावतो. जवळ आणल्या की वेग वाढतो. योग्य वेग सापडेपर्यंत तिचा उपयोग मोठा आहे, पण तिच्यात बेल्ट लवकर झिजतात आणि तिचा स्क्रू कंपनाने ढिला पडू शकतो, म्हणून वेग निश्चित झाल्यावर तेवढ्याच व्यासाची पक्की टेपर-लॉक पुली बसवावी. ती फार लहान घेऊ नये. बी छेदाच्या बेल्टला साधारण 125 मिलिमीटरपेक्षा लहान पुलीवर वाकवले तर तो लवकर चिरतो. व्यास बदलला की बेल्टची लांबीही बदलते : 150 च्या जागी 180 आली तर बेल्ट सुमारे 47 मिलिमीटर लांब लागतो, म्हणजे बी-52 ऐवजी बी-54, नाहीतर स्लाइड रेलमध्ये तेवढी जागा हवी.

फोरमन : आधी फिल्टर धुऊन आणि दोन्ही बेल्ट बदलून हवा पुन्हा मोजू. आकडा 3 घनमीटरला आला तर पुलीला हात लावायचा नाही.

लेखापरीक्षक : आणि व्हीएफडीचा प्रस्ताव त्यानंतरच्या अँपिअरवर आणि चुलींच्या वेळापत्रकावर लिहिला जाईल, आजच्या अँपिअरवर नाही.

उदाहरणातील कँटीनपुरता निर्णय यातून स्पष्ट होतो : पुली 150 ची राहील, दोन्ही बेल्ट नवे येतील, फिल्टर धुण्याचे वेळापत्रक भटारखान्यात लागेल, आणि व्हीएफडी बसवलीच तर ती खाली, 50 हर्ट्झवर बांधलेली आणि बायपाससह बसेल. जेथे असा ब्लोअर आहे तेथील देखभाल विभागाने त्याच्या जाळीवर रंगाने दोन्ही पुल्यांचे व्यास, बेल्टांचे क्रमांक, स्वच्छ फिल्टर असतानाच्या फेऱ्या, अँपिअर, मोजलेली हवा आणि मोजल्याची तारीख लिहावी, आणि ही नोंद होईपर्यंत वेग वाढवण्याची कोणतीही मागणी मंजूर करू नये.